घरच्या लेथवर अचूक काम
छोट्या वर्कशॉपसाठी काही व्यावहारिक सूचना

आपल्या समाजात हाताच्या कौशल्यावर रोजी कमावणारे फिटर, टर्नर, वेल्डर आणि मोटर मेकॅनिक मोठ्या संख्येने आहेत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत काय किंवा मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत काय, घराच्या पडवीत अथवा लहानशा गाळ्यात एखादा जुना लेथ बसवलेला दिसतो. कोणी तो हौसेखातर घेतलेला असतो, कोणी दिवसाची नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन पैसे जोडण्यासाठी. राजकोट, बटाला, लुधियाना येथे बनलेले असे छोटे लेथ देशभर पसरलेले आहेत.

अशा वर्कशॉपमध्ये कष्ट कमी नसतात, पण काम पुष्कळदा मापात उतरत नाही. मग दोष मशीनला दिला जातो. "मशीन जुनी आहे, एवढेच येणार" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते अर्धेच खरे आहे. जुन्या मशीनवरही शतांश मिलिमीटरचे काम करता येते. त्यासाठी कारागिराला आपल्या मशीनमध्ये किती फरक आहे हे ठाऊक हवे आणि तो फरक धरून काम करण्याची सवय हवी.

हा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही, सचोटीचाही आहे. पवित्र कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या योग्य मापाने जोडण्याच्या आदेशाचा उल्लेख आहे. म्हणजे लोखंडकामातील मापाची शिकवण तेथे नेक कामाच्या आदेशाबरोबरच आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतःच्या हाताच्या कमाईचे अन्न सर्वांत उत्तम ठरवताना दाऊद (अ.) यांचेच उदाहरण दिले. पुढे इ.स. १२०६ मध्ये दियारबकर येथे अल-जझरी यांनी यंत्रांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. झडप आणि तिची बैठक एकमेकांवर एमरीच्या भुकटीने घासून पाणी झिरपणार नाही अशी बसवण्याची रीत त्यात आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह ग्राइंड करणारा आजचा मेकॅनिक तत्त्वतः तेच करतो. अचूकपणा हा आपल्या कारागिरांचा जुना वारसा आहे. तो घरच्या लेथवर कसा सांभाळावा हे या पाठात पाहू.

मशीन निवडताना

व्याजी कर्ज काढून नवी मशीन घेण्यापेक्षा चांगली जुनी मशीन रोखीने घेणे अनेकांना परवडते. मात्र रंग पाहून मशीन घेऊ नये. पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली, बेडची झीज. लेथचा बेड चकजवळ सर्वांत जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तेथेच होते. कॅरेज टेलस्टॉकच्या बाजूला नेऊन गिब पट्टी अशी आवळावी की कॅरेज जेमतेम सरकेल. मग ते चकजवळ आणावे. तेथे एकदम सैल वाटले तर झीज जास्त आहे.

दुसरी, स्पिंडलची ढिलाई. स्पिंडलच्या नाकावर डायल गेजची टीप टेकवावी आणि चकाखाली लाकडी दांडा घालून हलके उचलावे. काटा किती हलतो ते पाहावे. बेअरिंग आवळून हे सुधारते का, हेही विचारून घ्यावे.

तिसरी, सोबतचे सामान. आटे पाडण्याचे सर्व चेंज गियर, चार जॉचा चक आणि टेलस्टॉकचे सेंटर बरोबर आहेत का ते मोजून घ्यावे. हे सुटे शोधण्यात पुढे बराच पैसा व वेळ जातो.

लेथ तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर असावा. चाळीत किंवा वरच्या मजल्यावर कंप आणि आवाज शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो. शेजाऱ्याचा हक्क आपल्या धर्माने किती मोठा मानला आहे हे सांगण्याची गरज नाही. रात्री उशिरा लोखंड कापणे टाळावे. घरात सिंगल फेज वीज असेल आणि मशीनची मोटर थ्री फेज असेल, तर आता लहान मोटरसाठी सिंगल फेजवर चालणारे ड्राइव्ह मिळते. त्यामुळे वेगही कमीजास्त करता येतो. अर्थिंग नीट असल्याशिवाय आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय मशीन सुरू करू नये.

मशीन सरळ बसवणे

लेथचे चारही पाय सारखे टेकले नाहीत तर बेडला पीळ बसतो आणि दांडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक उतरतो. प्रथम लेव्हलने बेड पाहून घ्यावा. त्यानंतर खरी परीक्षा कापूनच करावी.

४० मिमी व्यासाचा दांडा चकमध्ये असा पकडावा की सुमारे १२० मिमी बाहेर राहील. टेलस्टॉक लावू नये. मधला भाग थोडा खोल कापून दोन्ही टोकांना रुंद कडी ठेवावी. आता धारदार हत्याराने, एकाच सेटिंगमध्ये, दोन्ही कड्यांवर अगदी हलका कट घ्यावा आणि दोन्ही मायक्रोमीटरने मोजाव्यात. बाहेरची कडी जाड निघाली, तर टेलस्टॉककडील पुढच्या पायाखाली, म्हणजे कारागीर उभा राहतो त्या बाजूच्या पायाखाली, पातळ पत्री घालावी. बारीक निघाली तर मागच्या पायाखाली घालावी. पुन्हा कट, पुन्हा माप. दोन्ही कड्या ०.०१ मिमीच्या आत सारख्या येईपर्यंत हे करावे. एक संध्याकाळ यात जाईल, पण पुढे कित्येक जॉब वाचतील. बारीक दांड्यावर ही परीक्षा करू नये. तो हत्याराच्या दाबाने वाकतो आणि भलतेच उत्तर मिळते.

टेलस्टॉक वेगळा तपासावा. दांडा दोन सेंटरमध्ये धरून लांब हलका कट घ्यावा आणि दोन्ही टोके मोजावीत. फरक आला तर टेलस्टॉकच्या बाजूच्या स्क्रूने तो सरकवावा. प्रत्येक वेळी येणारा फरक वहीत लिहून ठेवावा. घरच्या वर्कशॉपमध्ये अशी वही मायक्रोमीटरइतकीच कामाची असते.

हत्यार : धार, उंची आणि पकड

घरच्या छोट्या लेथला हायस्पीड स्टीलचे हत्यार सर्वांत सोयीचे. ते ग्राइंडरवर हवे तसे घासता येते आणि कमी ताकदीच्या मशीनवरही स्वच्छ कापते. कार्बाइडला जास्त वेग आणि मजबूत मशीन लागते. ते साध्या करड्या चाकावर घासू नये, त्यासाठी हिरवे चाक वापरावे.

पुढचा क्लिअरन्स सुमारे ८ अंश ठेवावा. नरम पोलादासाठी वरचा उतार १० ते १५ अंश असावा. पितळेसाठी मात्र वरचा भाग सपाटच हवा. उतार ठेवला तर हत्यार पितळेत ओढले जाते आणि जॉब बिघडतो. पितळेत ड्रिल करतानाही हीच अडचण येते. म्हणून ड्रिलच्या दोन्ही धारा ऑइलस्टोनने किंचित सपाट कराव्यात. घासून झाल्यावर धारेवर ऑइलस्टोनचे चार हात मारावेत. फिनिशिंगचा अर्धा चकचकीतपणा तेथून येतो.

हत्याराची टीप बरोबर सेंटरच्या उंचीवर हवी. सोपी रीत अशी : मशीन बंद ठेवून गोल दांडा आणि हत्याराची टीप यांच्यामध्ये स्टीलची पातळ पट्टी हलकेच दाबून धरावी. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर आहे. पट्टीचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर हत्यार खाली आहे, जॉबकडे झुकले तर वर आहे. खाली असल्यास पत्री घालून उचलावे.

हत्यार टूलपोस्टच्या बाहेर कमीत कमी काढावे. जॉबही चकच्या बाहेर व्यासाच्या तिप्पट-चौपटीहून अधिक असेल तर टेलस्टॉकचा आधार द्यावा. पार्टिंग करताना छोटी मशीन सर्वांत जास्त त्रास देते. तेव्हा चकच्या अगदी जवळ कापावे, कॅरेज लॉक करावे, वेग निम्मा करावा आणि तेल सोडत राहावे.

वेग किती ठेवावा

वेग अंदाजाने ठेवण्याची सवय सोडावी. हिशेब सोपा आहे. धातूसाठी योग्य असा कापण्याचा वेग, मीटर प्रति मिनिटात, घ्यावा, त्याला ३१८ ने गुणावे आणि जॉबच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागावे. उत्तर म्हणजे मिनिटाला फेरे. हायस्पीड स्टीलच्या हत्यारासाठी पुढील वेग सुरुवातीला धरावेत.

नरम पोलाद : २५ ते ३० मीटर
बीड : १८ ते २० मीटर
पितळ : सुमारे ६० मीटर
अॅल्युमिनियम : ९० मीटर किंवा अधिक

उदाहरणार्थ, नरम पोलादाचा २५ मिमी दांडा २५ मीटर वेगाने कापायचा आहे. ३१८ गुणिले २५ भागिले २५, म्हणजे ३१८ फेरे. तोच दांडा ५० मिमी असेल तर १५९ फेरे आणि १० मिमी असेल तर ७९५ फेरे. जॉब जाड तितके फेरे कमी, हे सूत्र पाठ असावे. मशीन जुनी असेल, जॉब थरथरत असेल तर वेग आणखी उतरवावा. पोलादाला कापताना तेल द्यावे. बीड कोरडेच कापावे. त्याची काळी धूळ मात्र बेडवर राहू देऊ नये, ती तेलात मिसळून बेड घासते.

मोजमाप

आपल्याकडे अजून सूत, थाऊ आणि मिलिमीटर तिन्ही चालतात. गल्लत होऊ नये म्हणून लक्षात ठेवावे : १ इंच म्हणजे २५.४ मिमी, १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३.१७५ मिमी, आणि १ थाऊ म्हणजे ०.०२५४ मिमी. ग्राहक सुतात बोलला तरी वहीत मिलिमीटर लिहावेत आणि त्याला वाचून दाखवावेत.

साध्या व्हर्नियरवर ०.०२ मिमीपर्यंत वाचता येते. बेअरिंगची बैठक त्यावर तपासता येत नाही. त्यासाठी ०.०१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर हवा. येथे नवशिक्याची एक अडचण होते. २५.०१ मिमीची शाफ्ट ० ते २५ च्या मायक्रोमीटरमध्ये बसतच नाही. त्यासाठी २५ ते ५० चा लागतो, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या २५ मिमीच्या दांडीने त्याचे शून्य रोज तपासावे.

क्रॉस स्लाइडचा डायल वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, डायल व्यासावर आखलेला आहे की हत्यार किती पुढे जाते त्यावर. दुसऱ्या प्रकारात डायलवर ०.१० फिरवले की व्यास ०.२० ने कमी होतो. दुसरी गोष्ट, स्क्रू आणि नटातील ढिलाई. हत्यार नेहमी एकाच दिशेने, पुढे आणतच, आकड्यावर न्यावे. आकडा ओलांडला तर नुसते मागे घेऊन चालत नाही. एक-दोन फेरे पूर्ण मागे जाऊन पुन्हा पुढे यावे.

गरम जॉब मोजू नये. पोलाद एका अंशाला प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.०१२ मिमी वाढते. २५ मिमीची शाफ्ट ४० अंशांनी तापली तर ०.०१२ मिमीने जाड दिसते. हा आकडा लहान वाटेल, पण पुढील उदाहरणात तो किती मोठा आहे हे कळेल.

एक उदाहरण : बेअरिंगची शाफ्ट

पंपाची किंवा मोटरची शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजली, नवी करून हवी, असे काम घेऊन ग्राहक नेहमी येतो. बेअरिंगचा नंबर ६२०५ आहे असे धरू. त्याचे आतील भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२ मिमी आणि रुंदी १५ मिमी असते. फिरणाऱ्या शाफ्टवर ते घट्ट बसावे म्हणून बैठक २५.००२ ते २५.०१५ मिमी ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे आपल्याला मिळणारी जागा फक्त ०.०१३ मिमी. गरम शाफ्ट मोजली तर एवढा सगळा हिशेब उष्णतेतच संपतो.

काम असे करावे. ईएन ८ पोलादाचा २८ किंवा ३० मिमी दांडा घ्यावा. दोन्ही टोके फेस करून सेंटर ड्रिल करावीत आणि शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून फिरवावी. तीन जॉच्या चकमध्ये उलटसुलट पकडले तर दोन बैठका एका रेषेत राहत नाहीत, कारण जुना चक सहज ०.०५ ते ०.१० मिमी चुकीचा फिरतो. वेग सुमारे २५० फेरे ठेवून २५.५० मिमीपर्यंत रफ करावे. मग मशीन थांबवावी आणि शाफ्ट पूर्ण थंड होऊ द्यावी. या वेळात हत्याराला पुन्हा धार करावी.

थंड झाल्यावर बैठकीची दोन्ही टोके मोजावीत. एक टोक जाड असेल तर टेलस्टॉक आधी सुधारावा. आता व्यास बरोबर २५.५० आहे आणि कापून २५.०२ वर थांबायचे आहे, म्हणजे ०.४८ काढायचे आहे. ते एकदम काढू नये, दोन सारख्या कटांत काढावे. पहिला कट व्यासावर ०.२४ चा घ्यावा. हिशेबाने २५.२६ यायला हवे. समजा माप २५.२७ आले. याचा अर्थ या मशीनवर, या धारेने, एवढ्या कटाला हत्यार ०.०१ ने मागे हटते. आता दुसऱ्या कटाला ०.२५ द्यावे. कट जवळपास तेवढाच असल्यामुळे हत्यारही तेवढेच हटेल आणि माप २५.०२ च्या आसपास उतरेल. उरलेला शतांश बारीक एमरी कापड आणि तेलाने काढून २५.०१ वर आणावे. शेवटी एकच अगदी पातळ कट घेऊन नशीब अजमावणाऱ्याचे माप बहुधा चुकते. पातळ कटात हत्यार कधी कापते, कधी नुसतेच घासते.

खांद्याचा कोपरा अगदी काटकोनात तीक्ष्ण ठेवू नये. शाफ्ट तेथूनच तडकते. तेथे लहान गोलाई द्यावी, पण ती १ मिमीहून कमी हवी. अधिक झाली तर ६२०५ खांद्याला टेकत नाही. टोकाला चॅम्फर मारावा.

बसवताना बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर हातोडा मारू नये. सील नसलेले बेअरिंग स्वच्छ तेलात ८० ते १०० अंशांपर्यंत तापवावे. ज्योतीवर धरू नये. ३० अंशांवरून १०० अंशांवर गेले की २५ मिमीचे भोक सुमारे ०.०२ मिमीने मोठे होते आणि बेअरिंग हाताने सरकते. सीलबंद बेअरिंग प्रेसने बसवावे. पाइपचा तुकडा केवळ आतल्या कडीवर टेकवून दाब द्यावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शाफ्ट २४.९७ ला उतरली तर काय करायचे? बाजारात एक रीत सर्रास चालते. बैठकीवर डॉट पंचचे ठोके मारायचे, धातू उचलला जातो, बेअरिंग घट्ट बसल्यासारखे वाटते आणि ग्राहक पैसे देऊन जातो. काही लोक पत्र्याची पट्टी गुंडाळतात. पंचने उचललेली टोके थोड्या दिवसांत दबतात, बेअरिंग शाफ्टवर फिरू लागते, शाफ्ट खाल्ली जाते आणि कधी पंपाची मोटरही जळते. ज्याच्या शेतात ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडतो त्याचे नुकसान त्या ३ शतांशांच्या कितीतरी पट असते.

मालातील दोष लपवून विकणे आपल्याला मना आहे. तराजूत मारलेले माप आणि शाफ्टमध्ये मारलेले माप यांत फरक नाही. मग मार्ग कोणते? पहिला, नवा दांडा घेऊन पुन्हा करणे. दुसरा, वेल्डिंगने भर घालून पुन्हा कापणे. तिसरा, शाफ्ट जाड असेल तर स्लीव्ह बसवणे. चौथा, फरक फारच थोडा असेल तर रिटेनिंग कंपाउंड लावणे. हे द्रव्य आता हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि योग्य ठिकाणी चांगले काम देते. यांपैकी कोणताही उपाय करावा, पण ग्राहकाला सांगून आणि बिलावर लिहून करावा.

आट्यांची गल्लत

दुरुस्तीच्या कामात सर्वांत जास्त जॉब आट्यांमुळे परत येतात. जुन्या विलायती यंत्रांवर व्हिटवर्थ आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी ही पद्धत १८४१ मध्ये मांडली आणि तिचा कोन ५५ अंश आहे. मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंश असतो. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे, तर अर्ध्या इंचाच्या अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टला १३ असतात. दोन्ही बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. नट दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि पाना लावून जोर दिला की आटे मरतात. म्हणून पिच गेज लावल्याशिवाय आटे पाडू नयेत.

मेट्रिक टॅपसाठी भोकाचा नियम सोपा आहे. व्यासातून पिच वजा करावा. एम ६ ला ५ मिमी, एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५ आणि एम १२ ला १०.२ मिमी ड्रिल. भोक लहान ठेवून "मजबूत आटे" पाडण्याच्या नादात टॅप मोडतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा तेल देत चालवावा.

हात आणि डोळे सांभाळा

लेथ लहान असला तरी माणसाला ओढून घेण्याइतकी ताकद त्याच्यात असते. पुढील नियम भिंतीवर लिहून लावावेत.

१) चकची चावी चकमध्ये सोडू नये. हात चावीवरून सुटण्याआधी चावी चकमधून निघाली पाहिजे.

२) हातमोजे घालून लेथ चालवू नये. कुर्त्याची सैल बाही, गळ्यातील ताईत, खांद्यावरचा रुमाल, बोटातील अंगठी, मनगटावर गुंडाळलेली तसबीह हे सर्व कामाआधी काढून ठेवावे. डोक्यावर घट्ट बसणारी टोपी चालेल. दाढी लांब असेल तर फिरत्या जॉबवर वाकू नये.

३) गॉगल लावल्याशिवाय ग्राइंडर किंवा लेथ सुरू करू नये.

४) निघणारा कीस हाताने ओढू नये. लांब कीस सुरीसारखा कापतो. लोखंडी आकडा आणि ब्रश वापरावा, तोही मशीन थांबवून.

५) एमरी कापड बोटांभोवती गुंडाळू नये. दोन टोके दोन हातांत सुटी धरावीत. बेडवर कागद अंथरावा आणि काम संपताच काढून टाकावा.

६) ग्राइंडरचा टेकू चाकापासून १ सुताहून दूर नसावा. नवे चाक बसवण्याआधी लाकडाने हलके ठोकून आवाज ऐकावा. बद्द आवाज आला तर चाक तडकलेले आहे. सुरू केल्यावर पहिले मिनिट बाजूला उभे राहावे. या चाकावर पितळ व अॅल्युमिनियम घासू नये, चाक भरून येते.

७) अजान झाली, पाहुणा आला, फोन वाजला तर मशीन मेन स्विचपासून बंद करूनच उठावे. "दोन मिनिटांत येतो" म्हणून फीड लावून जाऊ नये. रमजानमध्ये असरनंतर थकवा आणि झोप अनावर होते. त्या वेळी मापे घेणे, धार करणे, साफसफाई अशी कामे ठेवावीत.

८) घरात लेथ असला की मुले जवळ येतातच. त्यांना पाहू द्यावे, मायक्रोमीटर वाचायला शिकवावे, पण फिरत्या मशीनला हात लावू देऊ नये. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांनाही धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. मुलाला हा हुन्नर खरोखर शिकवायचा असेल तर दहावीनंतर आयटीआयच्या दोन वर्षांच्या टर्नर अभ्यासक्रमाला घालावे. घरचा अनुभव आणि हातात प्रमाणपत्र असे दोन्ही मिळते.

रोज काम संपल्यावर बेड पुसून तेलाचा पातळ थर द्यावा. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो.

ग्राहकाशी व्यवहार

जॉब घेताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात : माप, धातू, मुदत आणि मजुरी. उरलेला धातू कोणाचा, हेही आधीच ठरवावे. ग्राहकाने गनमेटलचा तुकडा दिला असेल तर त्याचा कीस आणि उरलेला तुकडा ही त्याची अमानत आहे. तो आपल्या भंगारात टाकायचा असेल तर परवानगी घ्यावी किंवा मजुरीत वळता करावा.

मजुरी शेजारच्या दुकानाकडे पाहून ठरवू नये. समजा भाडे, वीज, हत्यारे, दुरुस्ती आणि स्वतःची मजुरी धरून महिन्याला १२,००० रुपये निघायला हवेत आणि संध्याकाळच्या कामात मशीन प्रत्यक्ष ६० तास फिरते. मग तासाला २०० रुपये पडतात. दीड तासाच्या जॉबला ३०० रुपये अधिक धातूची किंमत. हा हिशेब नसेल तर कारागीर स्वस्तात काम घेतो आणि मग नुकसान भरून काढण्यासाठी मापात मारतो. डॉट पंचची वाट पुष्कळदा येथूनच सुरू होते. योग्य मजुरी मागणे आणि पूर्ण माप देणे या दोन्ही गोष्टी एकत्रच चालतात.

जॉब देताना ग्राहकासमोर मायक्रोमीटर लावून माप दाखवावे आणि ते बिलावर लिहावे. सुरुवातीला लोकांना हे नवल वाटेल. काही महिन्यांत तेच लोक दुसऱ्याला तुमच्याकडे पाठवतील.

या आठवड्यात वाचकांनी एवढे करावे. दोन कड्यांची परीक्षा घेऊन आपल्या लेथमध्ये किती फरक आहे ते वहीत लिहावे, मायक्रोमीटरचे शून्य तपासावे आणि डॉट पंच फक्त ड्रिलची खूण करण्यापुरता वापरायचा असे ठरवावे. अल्लाह आपल्या कारागीर बांधवांच्या हाताला नेकी आणि कमाईला बरकत देवो.